दोघांच्या नावाचा पलंग

सतरा वर्षं इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढून डोम्निकाने जे घर बांधलं, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात मोठ्या खोलीत तिचा नवरा आंगेल अक्रोड वाळत घालायचा. खाली वर्तमानपत्रं अंथरून, अक्रोडाला अक्रोड न लागू देता, अगदी निगुतीने. खोलीत दोन्ही बाजूंनी ऊन यायचं, उंदीर नव्हते आणि माणूसही नव्हतं. अक्रोडांना याहून चांगली जागा अख्ख्या गावात मिळाली नसती.

तो स्वतः राहायचा परसातल्या चूलखोलीत. जुनं घर पाडलं तेव्हा गवंड्यांचं जेवण रांधायला म्हणून तेवढी एक खोली शिल्लक ठेवली होती. बुटकं छप्पर, एक चूल, एक खाट, वर रेक्झिन घातलेलं टेबल आणि खिडकीत रेडिओ. तिथून वीस पावलांवर नऊ खोल्यांचं, नारिंगी रंगाचं, चकचकीत स्टीलच्या कठड्यांचं घर उभं होतं. दिवसातून एकदा आंगेल त्यात जायचा, खिडक्या उघडायचा, धूळ झटकायचा आणि कुलूप लावून परत यायचा. जिऊ नदीकाठच्या त्या गावात अशी घरं पैशाला पासरी होती. सगळी बाहेरदेशी गेलेल्या बायकांनी बांधलेली, सगळी बंद, आणि प्रत्येकाच्या मागे एका चूलखोलीतून धूर निघत असायचा.

सप्टेंबरच्या मध्यावर डोम्निका कायमची परत आली. ब्रेशा शहरात ती जिला सांभाळत होती ती म्हातारी ऑगस्टात गेली. डोम्निकाचं स्वतःचं वय बासष्ट झालं होतं, गुडघे कुरकुरायला लागले होते. आता पुरे, असं तिने ठरवलं आणि चार बॅगा घेऊन गावच्या तिठ्यावर उतरली. आंगेलने चारही बॅगा नव्या घराच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवल्या, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या हातात दिला.

"घे, तुझं घर."

'तुझं' म्हणाला. डोम्निकाने ते ऐकलं, पण प्रवासाने अंग आंबून गेलं होतं म्हणून सोडून दिलं.

पहिले चार दिवस तिच्या शब्दाखातर तो नव्या घरातल्या खालच्या खोलीत झोपला. उताणा, हात छातीवर ठेवून, डॉक्टर तपासायला येणार असल्यासारखा. फरशी गार लागते म्हणायचा. घर तापवायचा बॉयलर लावला की जीव गुदमरतो म्हणायचा. पाचव्या दिवशी सकाळी त्याची उशी जाग्यावर नव्हती.

"उशी कुठं गेली?"

"परसात आहे. चूलखोलीत."

"का रे?"

"गादी फार मऊ आहे गं. माझी पाठ तिला ओळखत नाही."

डोम्निका हसली, कारण हसण्यासारखंच बोलला होता. पण मग दिवसभर तिला ते खुपत राहिलं. नवऱ्याने खोली बदलली म्हणून नव्हे. परक्या घरात एकटीने झोपायची तिला सवयच होती. खुपत होतं ते हे की याही घरात तिला तसंच वाटत होतं. परकं घर, कोपऱ्यातली खोली, आणि सकाळी पाचला आपोआप उघडणारे डोळे. फक्त हाक मारायला कुणी नव्हतं.

मग तिला जे येत होतं ते तिने सुरू केलं. नव्या घरात स्वयंपाक करायचा, ट्रेमध्ये मांडायचा, वर स्वच्छ रुमाल टाकायचा आणि वीस पावलं चालून चूलखोलीत नेऊन द्यायचा. मांसाचे बारीक तुकडे करून. औषधाची गोळी छोट्या वाटीत. सूप ओठाला चटका लागणार नाही इतकंच गरम. तो जेवला की ताटल्या घेऊन परत यायची आणि स्वतः मोरीजवळ उभ्या उभ्या चार घास खाऊन घ्यायची. सतरा वर्षं तशीच जेवली होती. बसून जेवायचं असतं हे ती विसरूनच गेली होती.

तीन आठवडे आंगेलने हे निमूट सोसलं. एके दिवशी तुकडे केलेलं डुकराचं मांस बघून म्हणाला, "डोम्निका, मला दात आहेत. तूच बसवून दिलेस."

"मग खा की चावून."

"चावायला ठेवलंयस कुठं काही?"

डोम्निकाने रागाने ट्रे उचलला. बाहेर अंगणात आल्यावर लक्षात आलं की त्याच्या गळ्याशी रुमाल बांधायला आपला हात अर्धा पुढे गेला होता. तेव्हा मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली.

तर प्रश्न पैशाचा. पैशाला शिव्या घालणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांचं पोट भरलेलं असतं. डोम्निका त्यातली नव्हती. मालगाडीच्या डब्यांचा कारखाना बंद पडला, आंगेलचा पगार गेला, तेव्हाचे दिवस तिला चांगले आठवत होते. तेव्हा दोघं एकाच खोलीत, एकाच पांघरुणात झोपायची हे खरं. पण छत गळायचं, साखरेवरून भांडणं व्हायची, आणि आंगेल उधारीवर प्यायचा. त्याला सुख म्हणायचं तर सुख या शब्दाचीच कीव करायला हवी. ब्रेशाच्या पैशाने छप्पर आलं. लेक कामेलिया क्रायोवा शहरात वकिलीपर्यंत शिकली. आंगेलच्या हृदयातली नळी मोकळी केली, त्याचं तोंड दातांनी भरलं. हे सगळं पैशानेच झालं आणि झालं तेव्हा डोम्निका खरोखर सुखावली. प्रत्येक वेळी, अगदी मनापासून.

गडबड झाली ती पुढे. छप्पर झाल्यावर म्हणाली, अजून दोन वर्षं, कामेलियाची फी. फी झाल्यावर, अजून दोन वर्षं, वरचा मजला. वरचा मजला झाला तेव्हा पलीकडच्या आळीत कुणीतरी स्टीलचे कठडे लावले, मग कठडे. दर वेळी आंगेल फोनवर म्हणायचा, "तू म्हणशील तसं." भांडला असता तर बरं झालं असतं, असं आता तिला वाटायचं. भांडणात निदान आपण कुणाला तरी हवे असतो.

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रेशाहून फोन आला. गेलेल्या म्हातारीचा मुलगा फाउस्टो. त्याचे सासरे अंथरुणाला खिळले होते, आणि घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, डोम्निकाला बोलवा. महिन्याला चौदाशे युरो, स्वतंत्र खोली, रविवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा, रविवारची गाडी धरा.

डोम्निकाने आधी लेकीला फोन केला. कामेलिया म्हणाली, "आई, मला आता काही नको गं. खरंच काही नको. बाबांना विचार ना."

बाबा अंगणात लाकडं फोडत होते.

"फाउस्टोचा फोन होता," डोम्निका म्हणाली.

"हं."

"चौदाशे देतो म्हणतोय."

"बरे देतोय." ओंडक्याचे दोन तुकडे झाले. "मागच्यापेक्षा दोनशे जास्त."

"शनिवारपर्यंत सांगायचंय."

"मग अजून वेळ आहे."

"तू काय म्हणतोस?"

आंगेलने कुऱ्हाड टेकवली, टोपी मागे सरकवली. काहीतरी म्हणणार असं वाटलं. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला आणि पुढचा ओंडका घेतला.

तिला एकच शब्द हवा होता. राहा. बस्स, दोन अक्षरं. चौदाशे युरो एका पारड्यात आणि ही दोन अक्षरं दुसऱ्यात. अक्षरं जड ठरली असती, यात तिला शंका नव्हती. पण मागून घेतलेलं काही खरं नव्हे, म्हणून तिने तोंडातून काढलं नाही.

त्याच शनिवारी पितरांचा दिवस होता आणि डोम्निकाने त्या दिवशी स्वतःचं दान ठेवलं होतं. माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याच्या नावाने पोमाना द्यायची, जेवण घालायचं, भांडीकुंडी वाटायची, हे तर सगळीकडेच. पण ज्यांची मुलंबाळं लांब, त्यांना मेल्यावरचा भरवसा कुठे? म्हणून तिकडची माणसं जिवंतपणीच आपलं दान आपल्या हाताने उरकून घेतात. जे इथे दिलं, ते तिथे आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. बादली दिली तर पाणी, दिवा दिला तर उजेड. आणि अट एकच. हातात पेटती मेणबत्ती धरून, पाद्रीबाबांसमोर, ज्याचं त्याने स्वतः नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याला मिळालं, नाही घेतलं त्याला नाही.

शेजारची तिंका या बाबतीत गावातली जाणकार होती. नवरा वारल्यापासून सगळ्यांच्या पोमानांच्या याद्या तीच करायची. तिची भाची सोरिना हिचं उन्हाळ्यातच लग्न झालं होतं. नवराबायको जमिनीवर गादी टाकून झोपत होती बिचारी. सामान त्यांना द्यायचं ठरलं.

"टेबल, दोन खुर्च्या, ताटल्या, बादली, दिवा, टॉवेल, सपाता," तिंका बोटांवर मोजत होती. "आणि पलंग. पलंगाचं काय करतेस? दुकानात साधे मिळतात, एकेकट्याचे."

"वरचा देणार आहे," डोम्निका म्हणाली.

"तो इटलीचा? अगं, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाहीस!"

"म्हणून तर."

"बाई गं! तो दोघांचा आहे पण. एकटीच्या नावाने दिलास तर तिथे एवढ्या पलंगावर करशील काय? फुटबॉल खेळशील?" तिंकाने आवाज खाली आणला. "भावोजींना विचारलंस? ते नाव घेणार ना?"

डोम्निकाने त्याच दिवशी विचारलं. आंगेल कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"पलंग दोघांच्या नावाने द्यायचाय. तू घेशील ना नाव?"

"बघू शनिवारी," तो म्हणाला.

तेव्हा डोम्निकाने मनाशी पण केला. चारचौघांत, देवासमोर, मेणबत्ती हातात धरून त्याने स्वतःचं नाव घेतलं, तर तेच त्याचं 'राहा'. फाउस्टोला नाही सांगायचं. आणि नाही घेतलं, तर बॅगा अजून पुरत्या उपसलेल्याही नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसाराचा निकाल एका पलंगावर लावायचा, म्हणजे पोरखेळच. पण ती फार थकली होती, आणि थकलेल्या माणसाला कुणीतरी दुसऱ्याने ठरवून दिलेलं हवं असतं.

शनिवारी उन्हं चांगली पडली. सकाळी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद ठेवून झाला आणि अकराच्या सुमारास पंचवीसेक माणसं अंगणात जमली. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचे दोन मोठे हंडे, वळलेले पाव, आलुबुखाराची दारू. आणि अंगणाच्या मधोमध, कोंबड्यांना हुसकावून, तो पलंग. प्लास्टिक काढलेला, रजई घातलेला, दोन उशा शेजारी शेजारी.

बायका हात लावून लावून बघत होत्या. "हॉटेलातल्यासारखा आहे गं." "मी तर म्हणते मरायच्या आधीच एक दुपार झोपून घ्यावं." सोरिना नवऱ्याचा दंड धरून एका बाजूला उभी होती, दोघंही पलंगाकडे बघायची, एकमेकांकडे बघायची आणि लाजून कोंबड्यांकडे बघायची. वस्तूने सुख होत नाही असं म्हणणाऱ्याने त्या दोघांची तोंडं बघायला हवी होती.

पाद्रीबाबांना घाई होती. त्या दिवशी त्यांच्याकडे आणखी चार घरं होती. धूपदान हलवत त्यांनी मंत्र आटोपले, बादली दिली, दिवा दिला, टेबल-खुर्च्या दिल्या. त्या सगळ्या डोम्निकाने आपल्या नावाने दिल्या. मग ते पलंगाशी आले.

"कुणाच्या नावाने?"

"डोम्निका," ती म्हणाली आणि थांबली.

आंगेल पलंगाच्या दुसऱ्या अंगाला उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्यात मेणबत्ती. मेण वितळून त्याच्या बोटावर येत होतं आणि त्याला कळत नव्हतं. पाद्रीबाबांनी भुवई वर केली. मागे कुणीतरी खोकलं. डोम्निकाला वाटलं, संपलं.

"आणि आंगेल," तो म्हणाला. मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "दोघांचा. एकच पलंग, दोघांचा."

"देव स्वीकारो," सगळे म्हणाले. तिंकाने एप्रनने डोळे पुसले. डोम्निकाने पलंगाचा कठडा धरला आणि मग आठवलं की तो आता आपला नाही, म्हणून हात काढून घेतला.

पुढचे दोन तास ती वाऱ्यासारखी फिरत होती. वाढत होती, आग्रह करत होती, तिंकाच्या बोलण्याला उलट टोले देत होती. एवढं हलकं तिला छप्पर झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. तीनच्या सुमारास सोरिनाच्या नवऱ्याने ट्रॅक्टरची ट्रॉली आणली आणि चौघांनी पलंग चढवला. माणसं पांगली. अंगणात उष्ट्या ताटल्या आणि दोघं नवराबायको राहिली.

आंगेल बाकावर टेकला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. किती दिवसांनी बसली होती, कोण जाणे.

"फाउस्टोला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? तूच म्हणालास ना."

"मी? मी कधी काय म्हणालो?"

"पलंग दोघांचा म्हणून."

आंगेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता बोलायला लागला. एका दमात एवढं तो वर्षानुवर्षांत बोलला नसेल.

"तो तिथला झाला, डोम्निका. तिथं म्हणशील तर मला तूच हवीस. दुसरी कोण असणार? तिथं वेळच वेळ. ना तुला कुठं जायचंय, ना मला कोंबड्या. तिथं जमेल आपलं. पण इथं..." त्याने बोटावरचं सुकलेलं मेण खरवडलं. "खरं सांगू? तू आलीस की मला घरात पाहुणे आल्यासारखं होतं. पाय पसरून बसवत नाही. रेडिओ लावू का नको, कळत नाही. तू गेलीस की तीन दिवस घशाखाली घास उतरत नाही, आणि चौथ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं होतं. अशीच गेली गं सगळी वर्षं. आता मोडायला घेतली तरी मोडत नाहीत. तू वाईट नाहीस. तू केलंस तेवढं कुणी केलं नाही. पण मला आता इथं जमत नाही."

डोम्निकाला आधी राग आला. हंडा उचलून त्याच्या डोक्यात घालावा असा. आपण एवढी वर्षं 'अजून दोन वर्षं' म्हणत राहिलो, आणि हा तर मेल्यानंतरचा वायदा करतोय! पण उगाच त्यालाच कशाला बोल लावायचा. वायदे करायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

आणि राग ओसरला तसं खाली जे उरलं, ते बघून ती घाबरली. तिला हायसं वाटत होतं. उद्यापासून पाचला उठून काय करायचं हा प्रश्न मिटला होता. फाउस्टोच्या सासऱ्याला काय हवं असेल ते तिला न बघताच ठाऊक होतं: वेळेवर गोळी, कोरडी चादर, संध्याकाळी थोडं बोलणं. आंगेलला काय हवं ते तिला ठाऊक नव्हतं. शिकायला हवं होतं, आणि शिकायची ताकद तिच्यात उरली नव्हती. चौदाशे युरो नसते, नऊशे असते, तरी तिला असंच हायसं वाटलं असतं.

तिने तिथेच बाकावर बसून फोन लावला. आंगेलला इटालियन येत नव्हतं, पण 'हो' कुठल्याही भाषेत कळतं.

"मग?" फोन ठेवल्यावर त्याने विचारलं.

"उद्या तीनची गाडी."

"थंडी पडली असेल तिकडं," आंगेल म्हणाला. "लोकरीचे मोजे घेतलेस का? थांब, माझ्याकडे नवी जोडी आहे." आणि तो उठला. तडक उठला, विशीतल्या गड्यासारखा.

रविवारी सकाळी तो आपणहून नव्या घरात आला. भाजलेल्या वांग्या-मिरचीच्या चटणीच्या सहा बरण्या, आलुबुखाराची दारू, धुरावलेलं मांस, सगळं कागदात गुंडाळून. बॅगेत कुठलं कुठे बसवायचं यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. बरणी मोज्यात, मोजा बुटात, बूट कोटात. डोम्निका एकेक वस्तू हातात देत होती आणि तो बसवत होता, आणि एकमेकांना सांगावं लागत नव्हतं. दुपारी तिने सूप केलं, आणि बॅगांच्या गराड्यात, दिवाणखान्यातल्या टेबलाशी, दोघं समोरासमोर बसून जेवली. आंगेलने पाय पसरले होते. पाद्रीबाबांनी दारूचे किती प्याले रिचवले याची त्याने नक्कल केली आणि डोम्निकाला हसता हसता ठसका लागला. त्याने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला. "आणि त्या म्हाताऱ्याला उचलताना कंबर सांभाळ. गुडघ्यांतून वाकायचं."

"तू गोळ्या चुकवू नकोस."

"नाही चुकवत."

आणि हे सगळं इतकं गोड होतं की डोम्निकाचा चमचा मध्येच थांबला. सहा आठवड्यांत असं एक जेवण झालं नव्हतं. निरोप घेणं त्या दोघांना फार सुरेख जमत होतं. तेवढं एकच जमत होतं. तिला हे त्याला सांगावंसं वाटलं, पण अडीच वाजून गेले होते आणि त्याने बॅग उचललीही होती.

तिठ्यावर तिंका आली होती. "बघा बघा," ती गाडीची वाट बघणाऱ्या बायकांना म्हणाली, "या वयात कसा हात धरून उभा आहे. नशीब लागतं बाई." आंगेलने खरंच डोम्निकाचा हात धरला होता, आणि गाडी आली तेव्हाही त्याने तो एकदम सोडला नाही. सामान चढलं. त्याने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि मागे सरकून उभा राहिला.

गाडी निघाली. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत डोम्निका नीट बसली होती, आणि मग रडायला लागली. आवाज येऊ नये म्हणून तोंडावर हातमोजा दाबला, तरी हुंदके आवरेनात. इतक्या वर्षांत या गाडीत ती कधी रडली नव्हती. तेव्हा प्रत्येक वेळी आपण कशासाठी चाललोय ते ठाऊक असायचं. छपरासाठी, पोरीच्या फीसाठी, आंगेलच्या दातांसाठी. त्या एका शब्दाला धरून ब्रेशापर्यंतचा रस्ता निघून जायचा. आता तिने शोधून पाहिलं, पण एकही शब्द सापडला नाही.

ड्रायव्हर चाळिशीचा, या रस्त्यावर नवाच आलेला होता. बाकीच्या बायका डुलक्या घेत होत्या. त्याने आरशातून मागे बघितलं, पाण्याची बाटली मागे दिली आणि आपुलकीने विचारलं, "पहिल्यांदाच चाललात का, ताई?"

डोम्निकाने बाटली घेतली, नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली.